बिब्ब्याचं घोंगडं

"केस कशानं भिजलं तुझं?" ह्यांनी विचारलं आणि क्रांती "विहिरीत पवायला…" एवढं म्हणेपर्यंत ह्यांचा हात उठलासुद्धा.

पोरगी भिंतीला जाऊन टेकली. आधी रडलीसुद्धा नाही, इतकं तिला नवल वाटलं. बापाने आजवर तिला बोट लावलं नव्हतं. मारायचं काम माझ्याकडे आणि लाडाचं त्यांच्याकडे, अशी आमच्या घरातली वाटणी. माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

"आवं, केलं काय तिनं? आळीतली समदी पोरं जात्यात. शेजारचं केरबाअण्णा स्वतः काठावर हुबं हुतं. डबा बांधून सोडलंय तिला, उगं न्हाई ढकलली."

डबा म्हटल्याबरोबर ह्यांचा चेहरा एकदम उतरला. पायात चप्पल न घालता ते बाहेर निघून गेले. मी ऐकवायला दहा गोष्टी तयार ठेवल्या होत्या, त्या कुणाला ऐकवणार?

सोप्यात आत्याबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, रंगुबाई. त्या उठल्या, दोरीवरचा टॉवेल ओढला आणि नातीचं डोकं पुसायला लागल्या. खसाखसा. "आज्जी, दुखतंय," असं पोरगी म्हणाली तरी थांबल्या नाहीत.

आमच्या तासगावच्या बाजूला मे महिन्यात पोरांना असंच पोहायला शिकवतात. पाठीला रिकामा प्लॅस्टिकचा डबा बांधायचा आणि द्यायचं विहिरीत सोडून. पोर हातपाय मारत शिकतं, मग डबा सुटतो. मी रहिमतपूरची, मीही तशीच शिकले. त्यात एवढं रान उठवण्यासारखं काय होतं, ते मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही कुणी सांगितलं नव्हतं. ह्यांना एक मोठा भाऊ होता, रविराज, आणि तो लहानपणीच गेला, एवढंच ठाऊक. कशाने गेला असं एकदा विचारलं होतं. "आसरांनी नेला," आत्याबाई म्हणाल्या होत्या. पाण्यातल्या देवींनी नेला म्हटल्यावर पुढे विचारायची सोय नसते. दरवर्षी मे महिन्यात त्या जवळच्या विहिरीवर दहीभात ठेवून येतात. पोराला त्यांनी उपाशी ठेवू नये म्हणून.

ह्यांचं नाव जयराज. पेंटर. एकेकाळी तासगावच्या अर्ध्या दुकानांच्या पाट्या ह्यांच्या हातच्या होत्या. फ्लेक्स आला आणि ब्रश वाळत पडले. आता ट्रॉलीच्या पाठीमागे नावं लिहितात, शाळेच्या भिंती रंगवतात, आणि दर रविवारी सांगलीच्या एका पेपरच्या पुरवणीत बिब्ब्याची चित्रकथा काढतात.

बिब्बा तुम्ही बघितला असेल तर ठाऊकच आहे. नसेल तर सांगते. अंगावर काळं घोंगडं, डोक्यावर त्याचीच खोळ, तोंड कधी दिसत नाही. तो काही भला माणूस नाही. चोरी करतो, थापा मारतो, शिव्या देतो. पण बड्या बागायतदाराच्या शेतातली मोटर उचलून विधवा बाईच्या बोअरला बसवून येतो. कुणी आभार मानायला गेलं तर त्याच्यावरच खेकसतो. पोरं त्याच्यावर जीव टाकतात. त्याला ना पोलिसाचं भय, ना भुताचं.

पण मी बायको आहे, मला एक गोष्ट कळली होती. बिब्बा पाण्यात पाय घालत नाही. एकदा चोर नदीतून पळाले, तर हा भला मोठा वळसा घालून पुलावरून गेला. "का हो, एवढ्या मर्दाला गुडघाभर पाण्याचं काय?" असं मी विचारलं. "घोंगडं भिजतंय," हे म्हणाले. मी पोट धरून हसले होते. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

त्याच आठवड्यात पेपरातून पुरवणीवाल्या सरांचा फोन आला. पोरांचं पान बंद होणार होतं. बिब्ब्याचा शेवट करायचा होता.

"पेंटर, दणक्यात शेवट करा," सर म्हणाले. फोन स्पीकरवर होता, मी ऐकत होते. "पोरांची पत्रं येतात, तो तोंड का झाकतो म्हणून. ते दाखवा. त्यालाही कशाची तरी भीती वाटू द्या, आणि मग त्याने ती जिंकली पाहिजे. गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत पाठवा. नाहीतर आम्ही नुसती दोन ओळींची सूचना टाकतो."

हे "बरं" म्हणाले.

गुरुवारी मी अंगणवाडीतलं काम उरकून दुपारी घरी आले तर सोप्यात कागदांचे बोळे पडलेले. हे पाट मांडीवर घेऊन बसले होते. चहासुद्धा तसाच, वर साय धरलेली. मी मागून वाकून बघितलं.

चौकटींत एक विहीर होती. जुनी, दगडी, उतरायला पायऱ्या. शेजारी मेंढरं. एक बाप मोठ्या पोराच्या पाठीला डबा बांधतो. मग मेंढरं दुसऱ्याच्या कडवळात, उभ्या चाऱ्याच्या पिकात शिरतात, तिकडून काठ्या घेऊन माणसं धावतात, बाप तिकडे पळतो. पळताना धाकट्याला सांगतो, ध्यान ठेव. पुढच्या चौकटीत डबा पाण्यावर एकटाच तरंगतो. काठावर धाकटा उभा, तोंड उघडं, आवाज नाही.

कागदावर दिसत होतं ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझे सासरे, धुळाप्पा, वडूजकडची मेंढरं विकून इकडे द्राक्षाच्या बागेत मजुरीला का आले, आणि मरेपर्यंत माघारी त्या गावात का गेले नाहीत, तेही कळलं.

शेवटची चौकट कोरी होती.

"सोने, बिब्बा उडी मारंना गं," हे म्हणाले. "किती येळा काढला. काठापतुर येतोय आन् तितंच हुबा ऱ्हातोय."

"मग नगं मारू दे."

"सर म्हणत्यात, जिंकाय पायजे."

"सरांचं काय जातंय म्हणायला!" मी बोलले.

मागे आत्याबाई येऊन उभ्या होत्या. त्यांना वाचता येत नाही, पण चित्र सगळ्यांना वाचता येतं. त्या हळूच खाली बसल्या आणि पाठीला डबा बांधलेल्या पोरावर बोट ठेवलं.

"ह्यो रव्या?"

ते नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. ह्यांनी मान हलवली.

"नाक बसकं हुतं त्याचं. तुझ्यावानी सरळ न्हवतं." घरात त्या पोराचा एकसुद्धा फोटो नाही. मेंढरामागं फिरणाऱ्या माणसांनी फोटो काढायला कुठे जायचं? आत्याबाई चित्राकडे बघतच राहिल्या. "बाकी बरूबर काढलाय."

तेव्हा हे बोलले. माझ्याकडे नाही, आईकडेसुद्धा नाही, पाटाकडे बघून बोलले.

"आये, म्यां वरडलो न्हाई. आबा हाकंच्या अंतरावर हुता. वरडलो असतो तर आला असता. मला आवाजच फुटंना. म्यां पळालो. वाड्यावर जाऊन घोंगड्यात लपलो."

मेंढरांच्या तळाला वाडा म्हणतात. तिथे हे संध्याकाळपर्यंत घोंगडं पांघरून पडून होते. सगळे रविराजला काढत होते, ह्यांना कुणी शोधलंच नाही.

"ठावं हाय मला," आत्याबाई म्हणाल्या.

ह्यांनी वर बघितलं.

"म्यांच काढलं न्हवं तुला घोंगड्यातनं? भ्यायला हुतास. घोंगडं वलं केलंतंस. तुला पुसलं, दुसरी चड्डी घातली, आन् घोंगडं धुवून वाळत टाकलं. कुणाला बोलले न्हाई. आबालाबी न्हाई. एवढुसं लेकरू तू, तू काय करणार हुतास? त्याच्यासंगं उडी टाकली असतीस तर म्यां दोघं कुठनं आणली असती?"

ह्यांचे खांदे हलायला लागले. आवाज नाही. त्या चौकटीतल्या पोरासारखंच.

"तुला पुसलं म्यां," आत्याबाई पुन्हा म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज फाटला. "त्याला न्हाई पुसलं. बायांनी मला धरून ठिवलं. जवळबी जाऊ दिलं न्हाई. केसातनं पानी गळत हुतं त्याच्या. तसाच वला नेला माझा लेक. समद्यांनी नेला, कुणी डोस्कं पुसलं न्हाई."

मला क्रांतीच्या डोक्यावरचा तो टॉवेल आठवला आणि हुंदका आवरेना. इतकी वर्षं मी या बाईला कोरड्या मनाची म्हणत होते. माहेरी जाऊन चंद्राबाई मावशीपाशी चुगल्यासुद्धा केल्या होत्या, की सासू नातीचे केस असे ओरबाडते म्हणून.

ह्यांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि ब्रश उचलला. आम्ही दोघी तिथेच बसलो. ह्यांनी आधी रव्याचं नाक नीट केलं, बसकं. मग शेवटच्या चौकटीत बिब्बा आला. त्याने उडी मारली नाही. तो पायरीवर बसला होता, बसक्या नाकाचं पोर त्याच्या मांडीवर, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने घोंगडं अंगावरून काढलं होतं. त्या घोंगड्याने तो पोराचं डोकं पुसत होता. तोंड उघडं पडलं होतं. साधंच, आपल्यातल्या कुणाचंही असावं तसं, रडून सुजलेलं. खाली काही लिहिलं नाही.

"हां," आत्याबाई म्हणाल्या. आणि आम्हाला काही कळायच्या आत त्यांनी पदराचं टोक धरून त्या चित्रातल्या पोराच्या डोक्यावरून फिरवलं. हळू. शाई ओली होती. केसांची काळी रेघ कपाळावर ओघळली आणि पदराला काळा डाग पडला.

"आवं आत्याबाई!" मी ओरडले. पाच वाजत आले होते, पुन्हा काढायला वेळ नव्हता.

"ऱ्हाऊ दे," हे म्हणाले. तसाच मोबाईलवर फोटो काढला आणि पाठवून दिला.

थोड्या वेळाने सरांचा फोन. "पेंटर, हे काय वेगळंच काढलंत? त्याने जिंकायला पाहिजे होतं. आणि पोराच्या डोक्यावर डाग पडलाय. आमच्या इथे साफ करून घेऊ का?"

"शेवट ह्योच हाय सर. आन् डाग काढू नगा," हे म्हणाले. एवढंच. एरवी सरांपुढे "हो सर, बरं सर" करणारा माणूस.

रविवारी तसंच छापून आलं, डागासकट. आत्याबाईंनी पेपर घडी घालून ट्रंकेत ठेवला, त्या डाग पडलेल्या लुगड्याखाली. लुगडं काही त्यांनी धुतलं नाही.

त्याच सकाळी क्रांती दाराआड घुटमळत होती. मी डोळे वटारले तर हेच म्हणाले, "चल." डबा स्वतः हातात घेतला. दोरी ओढून बघितली, पुन्हा ओढून बघितली, मग केरबाअण्णांकडून नवीन मागून आणली. विहिरीवर गेल्यावर मात्र काठापर्यंत जाणं काही त्यांना जमलं नाही. लांब लिंबाखाली उभे राहिले, टॉवेल दोन्ही हातांत धरून. पाण्यात धपकन आवाज झाला तसे त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले. मी काठावरून मोठमोठ्याने सांगत राहिले, "वर हाय! पवतीय! हसतीय बघा!" त्यांनी डोळे उघडले नाहीत.

क्रांती पायऱ्या चढून धावतच त्यांच्याकडे गेली. ते खाली बसले आणि तिचं डोकं पुसायला लागले.

"पप्पा, वाळलं की," ती म्हणाली. "किती पुसतायसा?"

ते पुसत राहिले.