गबदूचा डावा पंजा

चित्रकार अकराला येणार होते, आणि दहा वाजून पाच मिनिटं झाली तरी गबदूचा उजवा पाय त्याच्याच पोटात अडकलेला होता.

"ओढ की जरा जोरात," थोरली जाऊ म्हणाली.

"ओढतेय. गुडघ्यात अडकलाय."

"त्याला गुडघा कधीपासून आला?"

धाकटीने पेन्सिलीचं बोथट टोक पाठीच्या फटीतून आत सरकवलं, ओठ दाबले आणि पाय एका दमात बाहेर लोटला. "आला, आला!" ती ओरडली. कापडाचे प्राणी उलटे शिवतात, लव आत आणि शिवण बाहेर. मग चार बोटांच्या फटीतून सगळं जनावर सुलटं बाहेर काढावं लागतं. सहा वर्षांत तिने शेकडो ससे, हत्ती आणि कोल्हे असे जगात आणले होते, तरी प्रत्येक वेळी तिचा आनंद सुइणीसारखा ताजा असे. थोरलीला त्याचं हसू यायचं. आज मात्र ती घड्याळाकडे बघत होती.

खाली कुलपांचं दुकान आणि वर या दोघी जावांची खोली. थोरली कापायची, धाकटी चेहरे करायची. थोरलीची कात्री आणि जीभ दोन्ही सरळ चालत. एकदाच तिची चूक झाली होती. लवेची दिशा न बघता तिने चाळीस ससे कापले, आणि सगळेच्या सगळे भूत पाहिल्यासारखे अंगावर काटा आणून बसले. तेव्हापासून प्रत्येक तुकडा कापण्याआधी ती तळहात फिरवून "लव खाली, लव खाली" असं पुटपुटायची. आज सकाळी गबदूच्या पाठीचा नवा तुकडा कापताना तिने ते सात वेळा म्हटलं.

गबदू कोण, हे त्या गावातल्या कोणत्याही मुलाला विचारावं लागलं नसतं. अंग अस्वलाचं, कान गाढवाचे आणि चेहरा सुट्टीच्या दिवशी पहाटे उठवलेल्या माणसाचा. त्याच्या गोष्टीच्या पुस्तकात चोवीस चित्रं होती. चोवीसही चित्रांत तो आपल्याकडे तोंड करून उभा असे आणि चोवीसही चित्रांत त्याचा डावा पंजा पाठीमागे असे. त्या पंज्यात काय आहे, हे गोष्टीत कुठेच लिहिलेलं नव्हतं. धाकटीने लहानपणी ते पुस्तक इतकं वाचलं होतं की त्याची पानं सुटी झाली होती, आणि एकदा तर शेवटचं पान उलटं करून, उजेडासमोर धरून तिने मागून काही दिसतं का तेही पाहिलं होतं.

चित्राला पाठ नसली तरी चालतं, खेळण्याला असावीच लागते. पुस्तकाच्या प्रकाशकबाईंना गबदूचं खेळणं काढायचं होतं, पण इथेच सगळ्यांचं घोडं अडलं होतं. पहिल्या कारागिराने पंज्यात फूल दिलं. दुसऱ्याने मधाची बरणी दिली. तिसऱ्याने पंजा सरळ पाठीला शिवून टाकला आणि मोकळा झाला. गबदू काढणाऱ्या चित्रकारांनी तिघांनाही दोन मिनिटांत नाही म्हटलं, कारण न सांगता. "ही शेवटची खेप," प्रकाशकबाई फोनवर म्हणाल्या होत्या. "यांनाही नाही म्हणाले तर गबदू कागदावरच राहू दे." हो म्हणाले तर मात्र नव्या आवृत्तीबरोबर निघणारा प्रत्येक गबदू याच खोलीत जन्मणार होता. धाकटीला ते काम हवं होतं, पण त्याहून जास्त हवं होतं दुसरंच काही. ज्या माणसाने गबदू काढला, त्याने तिच्या गबदूकडे बघून 'हाच' म्हणावं, एवढंच.

गेल्या अकरा दिवसांत तिने पंज्याची घट्ट मूठ केली होती. आत काय आहे ते कुणालाच कळू नये म्हणून. ते तिला पटलेलं नव्हतं, पण त्याहून बरं सुचत नव्हतं. आज सकाळी आठला थोरलीची पाच वर्षांची मुलगी, बारकी, हात लावायचा नाही असं दहादा सांगितलेला तो तयार गबदू उचलून खोलीभर फिरू लागली.

"ठेव तो! आत्ता ठेव!" थोरली कडाडली. "टाके उसवलेस बघ!"

खरंच दोन टाके तुटले होते. पण धाकटी ओरडली नाही. ती खाली बसून बारकीकडे मागून बघत राहिली. पोरीने गबदूला छातीशी धरलं होतं, तिचा हात त्याच्या पाठीवर गेला होता, आणि तिची बोटं त्या बंद मुठीत शिरायला धडपडत होती.

"अशीच उभी राहा गं," धाकटी म्हणाली. "काय करतेस तिथं?"

"त्याचा हात धरतेय," बारकी म्हणाली. "पण तो धरूच देत नाही, काकू."

धाकटीने थोरलीच्या दंडाला इतका जोरात चिमटा काढला की ती किंचाळली.

"ताई! त्यानं काही लपवलेलंच नाही! हात पुढं केलाय त्यानं. फक्त मागच्या बाजूनं!"

"वेड लागलंय तुला. तीन तासांत माणूस येतोय दारात."

"मग तीन तास आहेत की."

असा तो गबदू साडेआठला पुन्हा उसवला गेला. पोटातला कापूस बाहेर आला, नवी पाठ कापली गेली, आणि पंजा नव्याने शिवला गेला. आता तळवा बाहेरच्या बाजूला, बोटं किंचित मिटलेली, आतून बारकीच्या जुन्या झबल्याचं धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं कापड आणि काठाला केसाएवढं बारीक इलॅस्टिक. लहान मुलाची दोन बोटं जातील, मोठ्या माणसाचं एक. घातलं की गबदू ते हळूच धरणार होता.

साडेदहाला पोटात कापूस भरून झाला. धाकटी काठीने कोपरे ठासत होती आणि थोरली जुन्या ब्रशने शिवणीत अडकलेली लव मोकळी करत होती. फक्त पाठीची फट मिटायची राहिली होती. एवढ्यात खाली कुलूपवाल्याचा आवाज आला.

"वरच्या मजल्यावर जा आजोबा, जपून हं, जिना उभा आहे!"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. अकराला पंचवीस मिनिटं होती.

"म्हातारी माणसं वेळेच्या आधी येतात, हे काय मला सांगायला हवं होतं?" थोरली कुजबुजली. "तू शिव. मी बघते."

ती बाहेर गेली, आणि मग जिन्याच्या मधल्या टप्प्यावरून तिचं बोलणं ऐकू येऊ लागलं. तिने त्यांना तिथेच खुर्ची दिली, पाणी दिलं, गुडघ्यांची चौकशी केली, खालच्या दुकानात चोवीस प्रकारची कुलपं कशी मिळतात ते सांगितलं. जिला नवऱ्याशी सलग दोन वाक्यं बोलायचा कंटाळा, तिची वाणी आज अशी खुलली होती की धाकटीला हसूही येत होतं आणि सुईही बोटात टोचत होती. शेवटचा टाका आत लपवून तिने दोरा दातांनी तोडला, गबदूला टेबलावर खिडकीकडे तोंड करून बसवलं, परत उचललं, दाराकडे तोंड करून बसवलं, आणि स्वतः भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

चित्रकार आत आले. किडकिडीत अंग, मोठे कान. गबदूला कान कुठून मिळाले ते तिला एका नजरेत कळलं. ते टेबलासमोरच्या स्टुलावर बसले आणि गबदूकडे बघू लागले. खाली किल्ली घासायचं यंत्र सुरू झालं आणि थांबलं.

"उजवा कान कललाय," अखेर ते म्हणाले.

"सोळाव्या पानावर कललाय," धाकटी म्हणाली. "पाऊस ऐकताना. मला तोच सगळ्यात जास्त आवडतो."

त्यांनी मान वर करून पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. मग पुन्हा गबदूकडे. एक बोट पुढे करून त्यांनी त्याच्या भुवईवरची लव खाली बसवली, आणि ती पुन्हा वर आली तेव्हा त्यांना हसू फुटलं. "अगदी चिडलाय," ते म्हणाले. "बरोबर."

आता मात्र धाकटीला राहवेना. "आणि मागं बघा ना," असं म्हणत तिने दोन्ही हात पुढे केले. "मागं मी—"

"थांबा."

तिचे हात हवेतच राहिले.

"वळवू नका त्याला," चित्रकार म्हणाले. आवाज कठोर नव्हता, उलट जरा घाबरलेलाच होता. "तिघांनी आल्या आल्या मला पाठच दाखवली. मी चेहरा बघायच्या आत."

"पण मागं काहीतरी असायला हवं ना?" थोरली दारातून म्हणाली.

"खरं सांगू का? मला पंजे काढता येत नव्हते. तरुण होतो, पहिलंच पुस्तक. उजवा कसाबसा जमला. डावा चार वेळा खोडला, पाचव्यांदा पाठीमागं ढकलून दिला." ते ओशाळं हसले. "मग मुलांची पत्रं यायला लागली. त्याच्या हातात काय आहे, काय आहे. सदतीस वर्षं येताहेत."

"मीही लिहिलं होतं," धाकटी म्हणाली.

"मग मी काय उत्तर दिलं?"

"काहीच नाही."

"कुणालाच दिलं नाही. काय देणार? एवढी पोरं म्हणताहेत म्हणजे काहीतरी असणार, असं मलाच वाटायला लागलं. आता या वयात जाऊन बघू आणि तिथं नुसतं फूल निघालं तर?"

धाकटीने हात मागे घेतले. ते कुठे ठेवावेत हे तिला कळेना, म्हणून ती टेबलावरचे कापसाचे बारीक पुंजके वेचू लागली. तिला राग आला होता, चांगलाच आला होता. आयुष्यात तिने याहून चांगलं काही केलेलं नव्हतं, आणि ज्याच्यासाठी केलं तोच डोळे मिटून बसला होता. वीतभर अंतरावर. डोळ्यांत पाणी आलं तसं तिने ते बाहीला पुसलं.

"काही केलंय ना तुम्ही मागं?" चित्रकारांनी हळूच विचारलं.

"केलंय."

"फूल नाही ना?"

"नाही."

"अहो, काय सुंदर केलंय!" थोरलीला आता धीर धरवेना. "आमच्या बारकीमुळंच सुचलं. आज सकाळी ती काय म्हणाली माहितीये—"

"ताई," धाकटी म्हणाली. "राहू दे."

थोरलीचं तोंड उघडंच राहिलं. सहा वर्षांत धाकटीने तिला मध्येच थांबवल्याची ही पहिलीच वेळ होती. धाकटीला स्वतःलाही नवल वाटलं. पण शब्द बाहेर पडल्यावर राग कुठल्या कुठे गेला.

"मुलांना कळेल," ती म्हणाली. "पहिल्या दिवशीच कळेल."

चित्रकार उठले. "मग प्रकाशकबाईंना सांगा," ते म्हणाले, "की हाच."

थोरलीने दोन्ही हात तोंडावर धरले आणि तरीही तिच्यातून चहाच्या किटलीसारखा आवाज निघाला. धाकटी नुसती उभी राहिली. 'हाच' हा शब्द तिने मनात परत एकदा ऐकला, मग आणखी एकदा.

"हा मी नेला तर चालेल? दुसरा कराल ना तुम्ही?"

"शंभर करू!" थोरली म्हणाली.

धाकटीने कागदात गुंडाळून देते म्हटलं तर ते नको म्हणाले. जिना उभा होता, त्यामुळे एक हात कठड्याला हवा होता. त्यांनी गबदूला दुसऱ्या हाताने छातीशी धरलं, तोंड बाहेर, गाढवाचा कान त्यांच्या हनुवटीखाली. मग एक पायरी उतरल्यावर काय वाटलं कोण जाणे, त्याचं तोंड आपल्या खांद्याकडे वळवलं, लहान मुलाला घेतात तसं, आणि तळवा त्याच्या पाठीवर, डाव्या पंज्यापाशी टेकवला. दोघी वरून बघत होत्या.

तिसऱ्या पायरीवर ते थांबले.

"पाय मुरगळला की काय?" थोरली कुजबुजली. "जाऊ का खाली?"

धाकटीने तिचा पदर घट्ट धरला आणि नकारार्थी मान हलवली.

त्यांनी खाली पाहिलं नाही, मागेही वळले नाहीत. कठड्यावरचा हात तेवढा घट्ट झालेला दिसत होता. मग ते एकेक पायरी, दोन्ही पाय टेकवत, फार हळू उतरले. खालचं दार जड होतं, आतून ओढून उघडावं लागे. त्यांनी कठडा सोडून त्या हाताने दार ओढलं, ते निसटून परत मिटायला लागलं, तेव्हा पाऊल मध्ये घातलं, खांद्याने रेटलं आणि तिरपे होऊन बाहेर पडले. गबदूच्या पाठीवरचा हात त्यांनी काही काढला नाही.