चार बोटांचं भांडण

जरा पायाखाली बघा. चपलेकडे नको हो, तिच्याखालच्या मातीकडे. तिथे पुरुषभर खोल मी पडलेय. मी सांधनळी बोलतेय. दोन देशांच्या नळ्या सरहद्दीवर जिथे भेटतात, तिथे मधे बसवलेला शेवटचा तुकडा. दिसायला पोलादाचं लांबुळकं पिंप, पण दोन घरं धरून ठेवलीत मी.

माझ्या पोटातून हायड्रोजन जातो. पोर मोठं वांड! रंग नाही, वास नाही, आणि अंगाने इतकं बारीक, की जिथे मुंगी अडेल तिथून हे पसार. बरं, नुसतं पळत नाही. लेच्यापेच्या पोलादाच्या अंगात शिरून त्याला आतून ठिसूळ करतं. म्हणून मला घडवताना फार छळ झाला. भट्टीत घातलं, वळवलं, फुटते का बघायला पोटात पाणी कोंबलं, वर यंत्र लावून हाडंसुद्धा तपासली. माणसं मुलासाठी स्थळ बघताना निम्मी चौकशी करतील तरी पुष्कळ!

हा संसार तिघांचा. अलीकडे वायुवाले. ते वाऱ्यावर वीज करायचे आणि त्या विजेने पाण्यातून हायड्रोजन काढायचे. पलीकडे भट्टीवाले. त्यांनी कोळशाची जुनी भट्टी विझवून हायड्रोजनवरची नवी उभी केली होती. आणि मधे नळीवाले, म्हणजे माझं माहेर. करार झाला त्या दिवशी तिघांनी एकमेकांचे हात इतका वेळ हलवले, की फोटोवाला कंटाळून खाली बसला. तेव्हा सगळं ‘तुमचं ते आमचं’. काम सुरू झालं आणि ‘आमचं आम्ही बघू, तुमचं तुम्ही बघा’.

दोन्हीकडून नळ्या जोडत जोडत सरहद्दीपाशी आल्या. लांबच लांब चर, त्यात उघड्या पडलेल्या नळ्या, आणि दोन तोंडांच्या मधे फट. त्या फटीत मला बसायचं होतं.

अलीकडून फट मोजली वायुवाल्यांच्या इंजिनिअर बाईंनी. बाई अंधारातच अंथरूण सोडणाऱ्या. उजाडायच्या आत मोजून मोकळ्या. पलीकडून मोजली भट्टीवाल्यांच्या इंजिनिअरांनी. त्यांना सगळे दादा म्हणत. दादांचा नेम असा, की पोटात चार घास गेल्याशिवाय आकड्याला हात लावायचा नाही.

दोघांचे आकडे माझ्या माहेरी पोचले. चार बोटांचा फरक! आमचे मिस्त्री मोठे बेरकी. “जास्त झाली तर कापता येते, कमी पडली तर नुसतं रडता येतं,” म्हणाले, आणि बाईंचं माप मोठं होतं ते धरलं. विचारलं कोणालाच नाही. जुळलेलं लग्न आहे, कशाला ठिणगी टाका!

मला नेलं ते ऐन दुपारी. क्रेनने उचललं, चरात सोडलं, आणि मी अडकले. चार बोटं जास्त.

“बघा!” मिस्त्रींकडून दोन्ही आकडे कळताच दादा ओरडले. “माझंच माप खरं.”

“मी स्वतः फीत धरली होती,” बाई म्हणाल्या. “तुम्ही जेवून पेंगत मोजलं असेल.”

“आणि तुम्ही झोपेत!”

आता खरी गोष्ट सांगते. माझं अंग चटके देत होतं. दोन्हीकडच्या नळ्या उन्हात तापून लांबल्या होत्या, जेवण झाल्यावर माणसं ऐसपैस पसरतात तशा. मग फट आखडणार नाही तर काय! मला कळत होतं. पण नळीला विचारतो कोण?

तेवढ्यात दादांचा फोन वाजला. बहीण होती. तिचा नवरा भट्टीवर कामाला; भट्टी विझल्यापासून घरी.

“दादा, भट्टी कधी पेटणार रे? हे दिवसभर ओट्यापाशी उभे असतात. काल मला सांगत होते, कांदा कसा चिरायचा!”

“उद्या पेटेल.”

“आणि नाही पेटली तर?”

करारात लिहिलं होतं, की उद्यापर्यंत जोड झाला नाही तर तिघांनाही सोडून जायची मुभा. वायुवाल्यांना दुसरं गिऱ्हाईक खुणावत होतंच. मग नवी भट्टी थंडच राहायची, आणि मेहुणे जन्मभर कांदा चिरायचे.

दादांनी फोन खिशात टाकला. “मिस्त्री, कापा!”

मिस्त्रींनी कटर पेटवला. निळी ज्योत माझ्या कडेशी आली. मला कापलं असतं, तर गारव्यात मी तोकडी पडले असते. दुसरी घडवायला वेळ कुठे होता? माझी रवानगी भंगारात, आणि करार माझ्या मागोमाग.

“थांबा!” बाई म्हणाल्या. “कापायचं तर दादांनी लिहून द्यावं.”

“मी का? माप तुमचं, चूक तुमची, तुम्ही लिहा.”

“चूक असेल तर लिहीन ना!”

“अहो, कोणीतरी लिहा,” मिस्त्री म्हणाले. “मी काय आरती करायला ज्योत धरलीय?”

पण ऐकतो कोण! बाईंनी दादांच्या शाळेतलं गणित काढलं, दादांनी बाईंची फीत काढली. चहा आला, तो पिताना भांडले. चहा संपला, कप कोणाचा कुठला यावरून भांडले. मिस्त्रींनी कटर विझवला. ऊन कललं, वारा सुटला, आणि नळ्यांनी हळूहळू अंग आवरलं.

“निदान खडूने खूण तरी करून घेतो,” म्हणून मिस्त्रींनी मला पुन्हा उचलवलं आणि खाली सोडलं.

मी अलगद बसले. चपखल.

दादांनी दबक्या आवाजात विचारलं, “कोणी कापली?”

“कोणीच नाही!” मिस्त्री म्हणाले.

बाईंनी नळीवर हात ठेवला. “दादा, हात लावा. गार आहे. तुम्ही मोजलंत केव्हा?”

“जेवण झाल्यावर, भर उन्हात. आणि तुम्ही?”

“कोंबडा आरवायच्या आत.”

दोघं एकमेकांकडे बघत राहिले, आणि जे हसत सुटले, की मिस्त्रींना वाटलं पुन्हा भांडण लागलं. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गारव्यात माझी दोन्ही टोकं जोडली. फीत दोघांनी मिळून धरली होती.

आता वर गवत वाढलंय. पिवळा खांब सोडला तर माझी खूण नाही. त्याची तक्रारही नाही. पुरलेल्या नळीचं नाव निघू नये, निघालं तर ते गळतीपायीच. एवढंच मागते, की मापं जुळली नाहीत तर लगेच हत्यार काढू नका. भांडायचं तर पोटभर भांडा, पण जरा उन्हं उतरेपर्यंत भांडा.

परवा दादा पाहणीला आले होते. खांबाला टेकून बहिणीशी बोलत होते.

“काय गं, आता तरी सुखात ना? गेले ना ते कामावर?”

“गेले,” ती म्हणाली. “पण दादा, भाजी फार छान करायला लागले होते रे. जरा आठवडाभर तुमच्या नळीतला गॅस बंद नाही का ठेवता येणार?”