चव्वेचाळीस ठोके

सावळीराम हारवाला जन्मात कधी दहा पावलं पळाला नव्हता, पण पळण्यावर त्याच्याइतकं बोलणारा माणूस सगळ्या भद्रकालीच्या बाजारात दुसरा नव्हता. सकाळी दुकानात मांडी घालून बसला की बोटं आपली शेवंती ओवत राहायची आणि तोंड सुटायचं. कोणाची टाच आधी टेकते, कोण चढावर तोंडानं दम घेतो, कोणाला शर्यतीआधी भाकर द्यावी आणि कोणाला नुसता गूळ, सगळं त्याला ठाऊक. कमरेला सेकंदाच्या काट्याचं घड्याळ. समोरून नुसता टांगा गेला तरी हा वेळ मोजायचा.

समोर शफी कल्हईवाल्याची भट्टी होती. शफीला कुस्तीचं वेड. दोघांचं रोज वाजायचं.

"कुस्ती काय रे शफीभाई? दोन रेडे मातीत लोळल्यावानी. त्यात बघायचं काय?"

"आणि तुझं पळणं? कुत्रा मागं लागला का कोन बी पळतो. त्याला काय उस्ताद लागतो?"

गेल्या पावसाळ्यात जर्मनीत साऱ्या जगाच्या शर्यती झाल्या, तेव्हा पेपर वाचून दाखवणाऱ्याला सावळीरामनं फुकट गजरे दिले. अमेरिकेचा गडी पहिला आला, हे ऐकून म्हणाला, "आला असंल. पण त्याच्या खांद्यावर कावड होती का? आमच्या जावईबापूंच्या खांद्यावर कावड असती, वर गुलाब असत्यात."

जावई म्हणजे बहिरू, मखमलाबादचा. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मळ्यांतून फुलं यायची ती गाडीतून, बाजारात पोचेपर्यंत माना टाकायची. एका मळ्याचे गुलाब मात्र दव घेऊन यायचे. सावळीरामला राहवेना. एक दिवस पहाटेच जाऊन मळ्याच्या तोंडाशी रस्त्याला उभा राहिला. बघतो तर एक काळासावळा पोरगा कावड घेऊन पळत येतोय, आणि खांदा असा की पाकळी हलत नाही. घड्याळ लावून टांग्यातून त्याच्या मागं गेला. मळ्यापासून पुलापर्यंत अर्धा तास पुरता नाही लागला. सावळीरामनं तिथंच जात-गोत विचारलं आणि पंधरा दिवसांत आपली लेक कला देऊन टाकली.

अंबूबाई, त्याची बायको, अजून बोलून दाखवायची. "लोक घर बघत्यात, विहिरीचं पाणी बघत्यात. आमच्या यांनी पाय बघून पोरगी दिली!"

"पाय चांगलं हायेत का नाय?"

"हायेत की. पाय हायेत म्हणून तर घरी टिकत नाय."

पण पोरगी सुखात होती. आणि बहिरू दर संक्रांतीला पंचवटीतली शर्यत मारायचा. सावळीराम छाती काढून बाजारभर पेढे वाटायचा.

विम्याबद्दल पण सावळीरामची मतं होती. आधी म्हणायचा, "आपल्याच मरणावर पैज लावायची? असला सट्टा मी नाय खेळत." मग कलाला दिवस गेले आणि त्याचं मन पालटलं. बाजारात एक विम्याचा एजंट फिरायचा, कोटाच्या खिशाला दोन फाउंटन पेनं लावून. त्यानं दोन तऱ्हा सांगितल्या. एक म्हणजे मेल्यावरच मिळणार. दुसरी वीस वर्षांची, जगला तर स्वतःच्या हातात.

"मेल्यावरची पैलवानाला द्या," सावळीराम म्हणाला. "पैलवान चाळिशीनंतर फुगतो आन् बसतो. पळणारा गडी ऐंशी वर्सं जगतो. जावईबापूंना वीस वर्सांची द्या. पैसं हातात घेऊन नातवाचं लग्न करतील."

"ऐकलं का?" शफी भट्टीवरून ओरडला. "मला जिवंतपणी गाडतोय हा! आमच्या घरवालीनं, खुर्शीदानं पण धोसरा लावलाय. साहेब, माझं पण नाव लिहा. बघू कोन आधी जातो."

अशी दोघांची नावं लिहिली गेली आणि एका सोमवारी तिघं मिळून विम्याच्या डॉक्टरकडे गेले.

शफी आधी आत गेला. पोट सुटलेलं, तोंडात पान, कल्हईच्या धुरानं धरलेला खोकला. दहा मिनिटांत बाहेर आला तो मिशीला पीळ देतच. "फस्सकलास!"

मग बहिरू. डॉक्टरनं मनगट धरलं, घड्याळात बघितलं. पुन्हा धरलं. नळी लावून छाती ऐकली, पाठ ऐकली. मग बहिरूला सदरा घालायला सांगून सावळीरामला दाराशी घेतलं.

"तुमचा कोण हा?"

"जावई."

"मिनिटाला चव्वेचाळीस ठोके पडतायत. माणसाचे सत्तर-बहात्तर पाहिजेत. हृदय दमलंय ह्याचं. पळणं-बिळणं बंद करा, नाहीतर एखाद दिवशी वाटेतच..." डॉक्टरनं हात नुसता उताणा केला.

सावळीराम तसाच निघाला. बाहेर बहिरू वहाणा घालत होता. "काय म्हनलं डाक्तर, मामा?"

"काय नाय. कागद जरा अडकलाय. मुंबईला जाऊन यायचाय."

दहा दिवसांनी कागद आला, एजंटनं वाचला. शफीला विमा मिळाला. बहिरूला नाही.

त्या दिवसापासून सावळीरामचं बोलणं आटलं. दुकानात आपली स्वतःची नाडी धरून बसायचा. गिऱ्हाईकाला हार देता देता मनगट चाचपायचा. पोस्तमनची बहात्तर, शेजारच्या हळदवाल्याची अठ्ठ्याहत्तर. सगळ्या बाजारात मंद नाडीचा माणूस म्हणजे एक त्याचा जावई. आणि तो जावई रोज पहाटे पळत येऊन कावड उतरवायचा, घामानं चमकत, हसत.

"मामा, औंदा खेड्याची पोरं बी येनार हायेत शर्यतीला. लय पळवनार मी त्यांना."

सावळीराम म्हणायचा, "हां, हां," आणि फुलांत डोकं घालायचा. सांगावं तर पोराचं काळीज फाटेल. न सांगावं तर कलाचं कुंकू जाईल. आणि तिला दिली कोणी? आपणच. घर नाही बघितलं, विहीर नाही बघितली. अंबूबाईनं दोनदा विचारलं, "अवो, जेवत का नाय?" तर तिच्यावरच खेकसला.

संक्रांत आली. पंचवटीत ही गर्दी. दोरी धरलेली, तीस-पस्तीस पोरं लंगोट कसून उभी. बहिरू मधोमध, पाय झटकत होता. शिट्टीवाल्यानं शिट्टी ओठाला लावली आणि सावळीराम गर्दी फोडून घुसला. बहिरूचा दंड धरून त्याला ओढत बाहेर काढला.

"मामा! काय करताय? सुटल ना शर्यत!"

"सुटू द्या. तुम्ही नाय पळायचं."

"पर का?"

"तुमचं काळीज दमलंय, जावईबापू. डाक्तरनं सांगितलंय. पळाल तर मराल."

हे त्याला हळू बोलायचं होतं, पण गळ्यातून ओरडूनच निघालं. बाजूच्या चार माणसांनी ऐकलं. शिट्टी वाजली, पोरं धूळ उडवत गेली. बहिरू तिथंच उभा राहिला. त्यानं एक हात छातीवर ठेवला, जणू आत कोणी परकं माणूस येऊन बसलंय.

सावळीरामला वाटलं, वाचवलं आपण त्याला.

पण बहिरू त्या दिवशी घरी गेला तो म्हातारा होऊनच. पळणं सुटलंच, चालणं पण तोलून-मापून. बांधावर चढताना थांबायचा. विहिरीवर मोट धरेना. दर घटकेला मनगट धरायचा. फुलं आता गाडीत टाकून यायची, माना टाकलेली, आणि बहिरू गाडीवानाशेजारी घोंगडी पांघरून बसायचा. बाजारातली टगी पोरं मागून म्हणायची, "बाबा आले, बाबांना जागा द्या!" महिन्याभरात त्याच्या गालांची हाडं वर आली.

कला सातव्या महिन्यात, तरी गाडीत बसून आली आणि दुकानासमोर उभी राहिली.

"आबा, काय घातलं तुमी त्यांच्या डोक्यात? राती उठून बसत्यात. मला म्हनत्यात, मी गेल्यावर मळा भावकीच्या नावावर करू नको. जितंपणी तेराव्याच्या गोष्टी करत्यात!"

"डाक्तर म्हणला गं..."

"डाक्तरनं तुमाला सांगितलं. त्यांना तुमी सांगितलं." ती रडली नाही. पदर खोचला आणि गेली. ती रडली असती तर बरं, असं सावळीरामला झालं.

शफी सगळं बघत होता. भट्टीचा भाता सोडून येऊन फळीवर बसला.

"सावळ्या, एक विचारू? मी तीन पायऱ्या चढलो का कुत्र्यावानी धापतो. मला त्या डाक्तरनं फस्सकलास दिली. मला तर तेव्हाच शंका आली होती. बोललो नाय, विमा जाईल म्हनून."

"मग?"

"मग काय? तू साऱ्या बाजाराची नाडी मोजली. हळदवाल्याची, पोस्तमनची, माझी. पळणारा कोन होता त्यात? घोडा बघायचा तर घोड्यांत बघ ना, बैलांत काय बघतो?"

सावळीरामच्या हातातली सुई थांबली.

"पेठ गावचा वाळू हाय बघ," शफी म्हणाला. "तीस वर्सं टपालाची थैली घेऊन घाटात पळाला. आता लेकीकडं राहतो, मल्हारखाणीत. सत्तरीचा असंल. माझ्याकडंच पातेली आणतो."

दोघं तसेच उठून गेले. वाळू डाकवाला उन्हात बसून दोर वळत होता. बारका, वाळलेला, पोटऱ्या मात्र अजून दगडासारख्या. त्याला काही कळेना, पण मनगट पुढं केलं. सावळीरामनं घड्याळ काढलं. ते शफीनं धरलं.

सेहेचाळीस.

पुन्हा मोजले. सेहेचाळीसच.

"वाळूबाबा, तुमाला कधी चक्कर? छातीत काय?"

"नाय रं बा. काल तं लाकडाची मोळी घेऊन आलो रामशेजच्या गडावरून. का? मरतो का काय मी?"

शफी इतका हसला की खोकल्यानं कोलमडला. सावळीरामला हसू आलं नाही. आनंद झाला, पण अर्धाच. शर्यतीत बहिरूचा दंड कोणी धरला होता, हे आता पुसता येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो वाळूबाबाला घेऊन मखमलाबादला गेला. बहिरू ओसरीत घोंगडीत होता. सावळीरामनं सगळं सांगितलं, वाळूबाबाचं मनगट त्याच्या हातात दिलं. बहिरूनं मोजलं. बराच वेळ मोजलं.

"खरंय," तो म्हणाला. "पर मामा, डाक्तर शिकलेला हाय. तुमी फुलं विकता. तवा तुमी डाक्तरचं खरं मानलं, आज यांचं. उद्या तिसरं कोन म्हनल, त्याचं मानाल. मी कुनाचं मानू?"

सावळीरामनं जन्मभर मतं दिली, फुकट दिली, आणि कोणी मागितलं तेव्हा एक नव्हतं.

अंगणात गुलाब भरून कावड ठेवलेली होती. गाडी यायची होती. सावळीराम उठला, धोतराचा काचा मारला, कावड खांद्याला लावली आणि पळत सुटला.

"आबा!" कला ओरडली. "अवो, बघा ना! आबा पडतील!"

पळणं कसलं ते. बदकासारखं. कावड एकीकडं, माणूस एकीकडं, गुलाब वाटेवर सांडतायत. बांधाच्या पहिल्या वळणाला त्याच्या बरगडीत कळ आली, दुसऱ्याला तोंडाला फेस. डोळ्यांपुढं पिवळं झालं. थांबायचं नाही एवढंच त्याला कळत होतं. पडलो तर पडलो. मागून कोणी येतं का, ते वळून बघायची पण त्याची छाती नव्हती.

मग खांद्यावरचं ओझं एकदम हलकं झालं. बहिरू शेजारी होता. घोंगडी कुठं टाकली कोण जाणे.

"सोडा मामा. फुलं मारताय सगळी."

"तुम्ही... पळत... आलात?"

"नाय. भराभरा चालत आलो." त्याचा चेहरा पांढरा पडला होता, ओठ घट्ट मिटलेले. भीती काही गेली नव्हती. त्यानं कावड आपल्या खांद्यावर घेतली, सावरली, दोन्ही टोपल्यांचा तोल बघितला. "तुमी बसा इथं बांधावर. दम खावा."

"गाडी येऊ द्या ना, जावईबापू. माझं ऐकून काही..."

"तुमचं ऐकून नाय."

आणि तो निघाला. सावळीराम बांधावर बसून भात्यासारखा धापत राहिला. तिकडून वाळूबाबा काठी खांद्यावर टाकून आला आणि शेजारी बसला. बहिरू वाटेवरच्या चिंचेपर्यंत गेला, तिथं थांबला. सावळीराम बांधावरून अर्धा उठला. बहिरूनं फक्त खांदा बदलला आणि पुढं गेला.

"पळतोय का हो?" सावळीरामनं विचारलं. डोळ्यांत घाम उतरला होता.

वाळूबाबानं कपाळावर हात धरला. "ऊस आडवा आला बा. नाय दिसत."