सहा थेंबांची खोटी साक्ष

मी अंगठ्याएवढी प्लास्टिकची बाटली. नाक निमुळतं, पोटात मूळचं सौम्य आम्ल आणि बोलणं मोजकं, एका वेळी एक थेंब. आज मात्र जरा सैल बोलणार आहे. माझी चौकशी झाली, गुन्हा शाबीत झाला, शिक्षाही लागली. आता लपवण्यासारखं पोटात काही उरलेलं नाही.

कारखान्यात मी भरले गेले त्याच दिवशी बुडाशी माझ्या मुदतीची तारीख छापली गेली. माणसांच्या बाबतीत ही सोय नाही, म्हणून ती इतकी निर्धास्त असतात. एका खोक्यात आम्ही तिघी होतो: मी, निळ्या रंगाची माझी बहीण आणि काचेची कुपी. शिवाय कुणी न वाचलेलं माहितीपत्रक.

आम्ही ज्या घरी आलो तिथे बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याची टाकी होती. घरधनी वजनमाप खात्यातून निवृत्त झालेले. गल्ली त्यांना अजून इन्स्पेक्टरच म्हणे. टाकी मात्र त्यांच्या मुलीची. ती दातांची डॉक्टर. नोकरीसाठी परगावी जाताना म्हणाली होती, "बाबा, मासे कसेही जगतील. माझ्या पोवळ्याला तेवढं जपा. नवी टाकी लागली की न्यायला येते." नखाएवढा तुकडा तिने तळहाताएवढा वाढवला होता.

पोवळं आपला सांगाडा पाण्यातूनच बांधतं. त्यासाठी पाण्यात अल्कलिनिटी हवी, म्हणजे सोप्या भाषेत आंबट पचवायची ताकद. ती मोजणं आमचं काम. कुपीत खुणेपर्यंत टाकीचं पाणी घ्यायचं, बहिणीचे दोन थेंब टाकायचे, पाणी निळं होतं. मग मी. एकेक थेंब टाकून कुपी हलवायची. पाणी पचवतं तोवर निळं, हात टेकले की पिवळं. जितके थेंब तितके अंश. आमच्या टाकीला आठ हवे होते.

दर रविवारी चहा झाला की इन्स्पेक्टर मला तराजूच्या काट्यासारखी सरळ धरत.

"पाच... सहा..."

"अहो, दूध उतू जातंय, गॅस बंद करा!" आतून त्यांच्या बायकोचा, म्हणजे बाईंचा, आवाज.

"सहा... की सात?" लगेच कुपी मोरीत रिकामी, पुन्हा पहिल्यापासून. अंदाजपंचे दाहोदरसे त्यांना खपत नसे.

असं वर्ष सरलं. एक दिवस फडताळ पुसताना बाईंनी मला उलटी केली. "अहो, हिची मुदत संपून तीन महिने झाले."

इन्स्पेक्टरांना ते झोंबलं. "मुदत माझीही संपली होती. दुसऱ्या दिवशी मला वजनं कळेनाशी झाली का? तारखेनं कुणी निकामी होत नाही."

मी सुखावले. सहानुभूती मिळाली की आपण बरोबरच आहोत असं वाटू लागतं. खरी गोष्ट वेगळी होती. इन्स्पेक्टर माझं झाकण वाकडं लावत. त्या फटीतून पोटातलं पाणी हळूहळू उडालं, आम्ल तेवढं राहिलं. माझा एक थेंब सव्वा थेंबाचं काम करू लागला, मग त्याहून जास्त. पाणी लवकर हात टेकू लागलं. आठाच्या जागी सात, मग सहा.

आकडा घसरला म्हणून इन्स्पेक्टर चमचाचमचा सोड्याची पूड वाढवत गेले आणि माझ्याकडून आठ वदवून घेत राहिले. पोवळ्याची टोकं खडूसारखी पांढरी पडू लागली.

मुलीचा फोन आला की ते सांगत, "आठ. बरोब्बर आठ. मी स्वतः मोजलेत." ती म्हणे, "मग पाणी ठीक आहे, बाबा. दुसरं काहीतरी बघा." त्यांनी दिवा बदलला, पंप बदलला. मी ओरडून सांगितलं असतं, पण मला फक्त ठिबकता येतं.

शेवटी बाईच शिलाई मशीन थांबवून म्हणाल्या, "एक विचारू? दुकानात शिरलात की तुम्ही आधी काय बघायचात?"

"मापावरचा शिक्का. चालू सालचा."

"आणि दुकानदार म्हणाला, साहेब, माप जुनं आहे पण भरवशाचं आहे?"

"जप्त!" इन्स्पेक्टर सवयीनं कडाडले. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

त्याच दिवशी त्यांनी शोभेच्या माशांच्या दुकानातून तपासणीचा द्रव आणला. त्याचा आकडा ठरलेला, आठ. माझे थेंब त्यात सोडले. सहाव्या थेंबाला पिवळं. तीनदा केलं, तीनदा सहा. म्हणजे टाकीतले 'आठ' खरे जवळजवळ अकरा होते; त्या जादा सोड्यानंच पोवळ्याची टोकं करपली होती.

"तेहतीस वर्षं लोकांची मापं फोडली," ते खाली बसत म्हणाले, "आणि खोटं माप निघालं माझ्याच घरात."

"मग फोडा."

"अगं, हिचा काय दोष? झाकण मीच वाकडं लावलं."

"दुकानदारही हेच म्हणायचे."

माहितीपत्रकाच्या पाठीवर रीतसर पंचनामा झाला: 'बाटली एक, मुदतबाह्य, थेंब जड.' बाईंनी पंच म्हणून सही केली. "दुसरा पंच?" इन्स्पेक्टरांनी विचारलं. "मासा आहे की. पहिल्यापासून बघतोय."

मग त्यांनी मुलीला फोन लावला. "चूक माझी. माप तपासलं नव्हतं."

पलीकडून प्रश्न आला, "बाबा, बूड जिवंत आहे ना?"

"आहे."

"मग टोकं येतील."

पूड बंद झाली. दर दोन दिवसांनी थोडं थोडं पाणी बदललं. नवी बाटली आली. तिच्या झाकणावर इन्स्पेक्टरांनी ठळक तारीख लिहिली आणि झाकण दोनदा पिळलं. चौथ्या रविवारी पांढऱ्या टोकांच्या कडेला तांबूस रेघ उमटली. मुलगी आली, पोवळं घेऊन गेली. जाताना त्यातला नखाएवढा तुकडा मोडून तिने वडिलांसाठी टाकीत ठेवला. माप चुकवलेल्या माणसावर इतका विश्वास मी तरी टाकला नसता.

आणि मी? बाईंनी मला धुतलं आणि माझ्यात मशीनचं तेल भरलं.

"सक्तमजुरी," इन्स्पेक्टर म्हणाले.

आता शिलाई मशीनच्या खणात असते. बुडाशी तारीख अजून आहे, पण तेलाला तिचं काही वाटत नाही. तुम्हाला सांगणं एवढंच: झाकणं सरळ लावा, आणि जे माप आपल्या बाजूनं बोलतं ते आधी तपासा.

बाई हाक मारतायत. चाकाशी कुरकुर झालेली दिसते. एक थेंब हवा असेल, आणि तो एकच पडेल.