किशनरावांची उसण

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आले आणि मग बाकीची मी. यात माझं कर्तृत्व काही नाही, पण आमच्या लोकांत पाठीत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेतात, त्यामुळे मला लहानपणापासून सुट्टी नाही. लग्न होऊन जामबागेत आले तर आठवडाभरात ही बातमी गल्लीभर झाली. माणसाने उंबऱ्याशी पालथं पडायचं, मी उजवा पाय दुखऱ्या जागी तीनदा टेकवायचा, आणि त्याने मागे वळून न बघता निघून जायचं. शाळेच्या ऑफिसातून दमून यावं तर दारात कोणीतरी कंबर धरून उभंच.

लोकांची उसण जायची, हे खरं. ती कुठे जायची हे कधी कोणी विचारलं नाही. ती माझ्या तळपायात यायची. टाच आणि चवडा यांच्यामध्ये एक गार ठिपका बसायचा आणि संध्याकाळपर्यंत विरून जायचा. मी कोणाला बोलले नाही. बोलले असते तर लोकांनी मला शेंदूर फासून कोपऱ्यावर बसवलं असतं.

दोन वर्षांपूर्वी दत्तोबा आले. बेगम बाजारातले मसाल्याचे व्यापारी, माझ्या नवऱ्याचे, किशनरावांचे, जुने दोस्त. पाठीत मधोमध दुखतं, जेवलं की वाढतं, पुढे वाकून बसलं की बरं वाटतं, म्हणाले. मी पाय टेकवला. या वेळी ठिपका गार नव्हता, कोमट होता, आणि तो धडधडत होता. मी मनगटावर बोटं ठेवून पाहिलं. माझी नाडी एका चालीने चालली होती आणि तळपायातली दुसऱ्याच.

तो ठिपका संध्याकाळी विरला नाही. आठवड्याने दत्तोबा मिठाईचा डबा घेऊन आले. "वहिनी, कमाल केलीत बघा. इत्ते दिवस फुकट गोळ्या खाल्ल्या." त्यांची पँट ढिली झाली होती, पट्ट्याला नवीन भोकं पाडली होती. अंग कसं हलकं झालंय, असं कौतुकाने सांगत होते. मीही हसून डबा घेतला.

चौथ्या महिन्यात एका सकाळी तांदूळ धुताना पायातली धडधड थांबली. मी नळ बंद करून तिथेच खाली बसले. वीस मिनिटांनी फोन आला, दत्तोबा गेले. रोग स्वादुपिंडाचा होता. डॉक्टरांना एकाच गोष्टीचं नवल वाटत होतं, की एवढं होऊन या माणसाला दुखलं कसं नाही, दुखलं असतं तर वेळेवर आला असता. त्यांचं दुखणं माझ्याकडे होतं. रोग मात्र त्यांच्याकडेच राहिला होता. मला त्याची आजही लाज वाटते. त्या दिवसापासून गुडघा गेला असं सांगून मी पाय लावणं बंद केलं.

आणि यंदा आमच्या किशनरावांचं दुखायला लागलं.

त्यांनी दुखण्याची वाटणी करून टाकली होती. पाठीचं खापर स्कूटरवर आणि पोटाचं माझ्या स्वयंपाकावर. पाठीला बाम, पोटाला ओवा आणि कसलंसं चूर्ण. आबिड्सच्या ऑफिसातून यायचे, दोन घास खायचे, ढेकर देत बसायचे. सोमवारी जेवण झाल्यावर ते खुर्चीत पुढे वाकले, छाती गुडघ्यांना टेकवली आणि म्हणाले, "असं बसलं की बरं वाटतं." माझ्या हातातलं ताट खाली पडलं.

मी लगेच डॉक्टर सुजातांना फोन लावला. त्या मूळच्या नांदेडच्या, आमच्याशी मराठीत बोलतात. "पाठ आणि पोट वेगळी धरू नका," त्या म्हणाल्या. "पोटातलं दुखणं कधीकधी पाठीतून बोलतं. गुरुवारी घेऊन या. नेमकं कुठे दुखतं ते मला हाताने बघू द्या."

म्हणजे गुरुवारपर्यंत ते दुखणं जागच्या जागी राहायला हवं होतं. मला तेवढंच हवं होतं.

आता आमच्यातली गंमत सांगते. बायकोचा पाय नवऱ्याला लागू नये, म्हणून सव्वीस वर्षांत किशनरावांनी माझ्याकडून उसण काढून घेतलेली नाही. घरात पायाळू बाई असताना हे दोन गल्ल्या पलीकडच्या पायाळू अलकाबाईंकडे जाऊन पालथे पडायचे. मी त्यावरून त्यांना खूप चिडवलंय. मंगळवारी तेच म्हणाले, "रेणुका, पाय लाव जरा."

"बायकोचा पाय नवऱ्याला लागत नसतो. तुमचंच म्हणणं."

"मीच बोलतोय ना आता. लई परेशान झालोय."

"परवापर्यंत सोसा."

"सगळ्या जामबागेला लावलास, अन् मलाच नक्को?"

मग मी त्यांना दत्तोबांचं सगळं सांगितलं. "मग बरंच की," ते म्हणाले. "दुखणं तुला, मी मोकळा." चेष्टा करायची त्यांची सवयच. पण बोलता बोलता त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ते रडायला लागले. मी त्यांना कधी असं रडताना पाहिलं नव्हतं. माझा पाय त्यांच्यापासून दोन हातांवर होता आणि मी तो लावत नव्हते. स्वतःचा इतका राग मला कधी आला नाही. त्या रात्री मी दोन दोन मोजे घालून झोपले.

बुधवारी रजा घेतली, त्यांच्यावर नजर ठेवायला. दुपारी भाजी निवडता निवडता मोज्यांसकटच पलंगावर जरा टेकले आणि डोळा लागला.

जाग आली ती पाय कोमट लागला म्हणून. उजव्या पायाचे दोन्ही मोजे काढून, नीट घडी करून उशाशी ठेवले होते. किशनराव जमिनीवर बसले होते, सदरा वर केलेला, उघडी पाठ माझ्या तळव्याला लावून.

"तीनदा झालं," ते म्हणाले. "आता मी वळून बघत नाही."

ते ताठ उठले आणि मागे न बघता स्वयंपाकघरात गेले. डबा उघडल्याचा आवाज आला, मग चावण्याचा. ते भुकेल्या माणसासारखे खात होते. प्रत्येक घासाबरोबर माझ्या तळपायातलं ते उसळत होतं. दत्तोबांच्या वेळी नुसतं धडधडलं होतं. हे दुखत होतं, पिंढरीपर्यंत चढत होतं. बहुतेक माझ्याच माणसाचं होतं म्हणून. मी उशी तोंडात धरून रडले.

"उद्याचं कॅन्सल करून टाक," ते आतून म्हणाले. "मला काही नाही आता."

गुरुवारी मी त्यांना शर्टाच्या बाहीला धरून ऑटोत घातलं. मी लंगडत होते आणि ते शीळ घालत होते. दवाखान्यात डॉक्टर सुजातांनी त्यांना टेबलावर झोपवलं. मी भिंतीशी खुर्चीवर बसले, चांगली पाच पावलं लांब.

"मॅडम, मला काही होत नाही," किशनराव म्हणाले. "हिच्या समाधानासाठी आलोय बघा."

डॉक्टरांनी त्यांच्या बेंबीखाली दाबलं. उजवीकडे दाबलं. डावीकडे दाबलं. "कुठेच नाही," ते हसत म्हणाले. डॉक्टरांनी बरगड्या जुळतात तिथून दोन बोटं खाली हात ठेवला आणि खोल दाबला. "इथेही नाही."

मी ओरडले. आवरताच आलं नाही. खुर्चीवरून गुडघ्यांवर आले आणि छाती मांड्यांना लावून वाकले.

नर्स माझ्याकडे यायला निघाली, पण डॉक्टर सुजातांनी तिला थांबवलं. त्यांचा हात अजून माझ्या नवऱ्याच्या पोटावर तसाच होता. किशनराव मान वळवून माझ्याकडे बघत होते आणि त्यांचं हसू गेलं होतं.

"इथेच का?" डॉक्टरांनी मला विचारलं.

मी मान हलवली.

"हळूच परत दाबते. तुम्ही सांगा," त्या म्हणाल्या.