तळघरात अंथरलेली गादी

मी एक जुनी गादी आहे, मित्रांनो. पण झोपायची नव्हे हं, आपटायची! माझ्यावर कुणी पाय पसरून घोरलेलं मला मुळीच खपत नाही. माणसांनी पडावं आणि पडून पुन्हा उठावं, एवढ्यासाठीच मला जन्माला घातलं. वाघोडियाच्या एका कारखान्यात फोमचे थर एकावर एक चिकटवले, वरून निळं रेक्झिन शिवलं आणि टेम्पोत घालून मला बडोद्याला आणलं. टेम्पोवाल्यानं दोरी इतकी करकचून आवळली होती की तिचा वळ माझ्या कडेवर अजून दिसतो.

मी उतरले ती मानसिंगरावांच्या आखाड्यात. मानसिंगराव तिथले वस्ताद. मिशा पांढऱ्या, आवाज मात्र असा की रस्त्यावरची कुत्री उठून बसावीत. आखाड्यात तांबडी माती होती आणि मातीतली मंडळी मला बघून नाकं मुरडत होती. "ही कसली कुस्तीची गादी? हिच्यावर डाव नाही सुचायचे, डुलकी लागेल," असं गोविंद सगळ्यांदेखत म्हणाला. गोविंद म्हणजे वस्तादांचा सगळ्यांत तगडा पठ्ठ्या. पण पावसाळ्यात माती चिकट झाली आणि त्याला झक मारत माझ्याकडे यावं लागलं. त्यानंतर मात्र तो मला रोज ओल्या फडक्यानं पुसायचा आणि उतरताना हात लावून कपाळाला न्यायचा. खोटं कशाला बोलू, मला भारी बरं वाटायचं!

आमच्या आखाड्याची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. कुस्तीत पाठ टेकली की माणूस चीत, खेळ खलास. पण पालथा पडलाय, वर कुणी बसलंय, दम निघालाय, तरी पाठ टेकलेली नाही, अशा वेळी आमचा खालचा गडी तळव्यानं जमीन थोपटायचा. म्हणजे, "मी अजून हरलो नाही, लाव जोर!" ते थोपटणं ऐकलं की वरच्यानं पकड आणखी आवळायची. सैल सोडली तर खालच्याची कीव केल्यासारखं व्हायचं आणि मानसिंगराव वरच्याच्याच पाठीत धपाटा घालायचे. मातीत होती तीच रीत माझ्यावरही आली.

अशी वर्षं चालली होती. मग निरुपमा आली. सयाजीगंजात राहणारी, शिक्षक आईबापांची मुलगी, डोक्यात सिनेमाचं खूळ. तिला चोरट्या लढतींचा सिनेमा करायचा होता. तळघरात माणसं गोळा होतात, ना पंच ना नियम, दोघं एकमेकांना लोळवतात आणि बाहेर कुणाला पत्ता नाही, असल्या लढती. मारामाऱ्या बसवायला तिनं मानसिंगरावांना धरलं, खलनायक म्हणून गोविंदला उचललं आणि मला गुंडाळून एका अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या तळघरात नेऊन टाकलं. वर सिमेंटच्या रंगाचं कापड घातलं, म्हणजे पडद्यावर फरशी दिसावी. इतकी वर्षं राबले आणि सिनेमात गेले ती तोंड झाकून!

नायक होता विहंग. बडोद्याजवळच्या सावली गावातल्या एका कारखान्यात पाळीवर काम करणारा, लहानपणी बहिणीबरोबर ज्युदो शिकलेला पोरगा. बहीण इरा कपडेपट सांभाळायची. विहंगनं बिनपगारी रजा घेतली होती. "हा सिनेमा नाही चालला तर मी हे वेड सोडून देईन," असं त्यानं आईला वचन दिलं होतं. सरावात तो माझ्यावर पडला की मला कळायचं, हे पोर जीव तोडून पडतंय. सराव तळघरातच व्हायचा. आखाड्यातली खरी कुस्ती त्यानं कधी पाहिलीच नव्हती.

निरुपमा पुन्हा पुन्हा तेच दृश्य घ्यायची आणि पुन्हा पुन्हा कपाळाला हात लावायची. "काका, ही नुरा कुस्ती दिसतेय! आधीच ठरवून केल्यासारखी. असला सिनेमा थोर कधी होतो? बघणाऱ्याचा श्वास अडकला तर. नाहीतर नुसती कवायत."

मानसिंगराव म्हणाले, "बेटा, लोक डाव बघायला येत नाहीत, माणूस बघायला येतात. खालचा का उठतोय ते दाखव. बाकी मार लुटुपुटीचा असला तरी चालतो."

पण तिचं समाधान होईना. हातात मोजके दिवस उरले होते, झोप उडाली होती. गोविंदचा हात विहंगच्या खांद्याभोवती पडायचा, तो तिनं वर सरकवायला लावला. "थोडं वर. अजून वर. गळ्याशी घे ना, गोविंदभाई!" गोविंद चाचरला. विहंगच म्हणाला, "घे रे, घाबरतोस काय? मी 'बस' म्हटलं की सोड." सगळ्यांनी माना डोलावल्या. 'बस' म्हटलं की सोडायचं, ठरलं. गळाच आवळला तर 'बस' म्हणणार कोण आणि कसं, हे त्या शहाण्यासुरत्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

कॅमेरा चालू झाला. गोविंदनं विहंगला उचलून माझ्यावर आदळलं, पालथं घातलं आणि मागून गळ्याभोवती हात टाकला. दोघांचं वजन माझ्या पोटात रुतलं. तेवढ्यात विहंग घसरला आणि गोविंदचं कोपर जिथं यायचं नव्हतं नेमकं तिथं आलं, नरड्यावर.

विहंगनं माझ्यावर तळवा मारला. थप, थप.

मित्रांनो, ज्युदोत गादीवर अशी थाप मारली की त्याचा अर्थ एकच, हरलो, सोड. जगभर तीच खूण. आणि आमच्या आखाड्यात? गोविंदनं थाप ऐकली आणि जन्मभर जे केलं तेच केलं. पकड आवळली.

"शाब्बास रे पठ्ठ्या!" मानसिंगराव ओरडले. त्यांना वाटलं, पोरानं आखाड्याची रीत उचलली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं हो! निरुपमा कॅमेऱ्याला डोळा लावून पुटपुटत होती, "हेच, हेच हवं होतं मला." तळघरात गर्दीचं सोंग घेऊन उभी राहिलेली माणसं खरोखरची किंचाळायला लागली, "मार! मार!"

पहिल्या थापेला मीही फसले. पण गड्याची थाप कशी असते ते मला ठाऊक आहे. ती ठाम असते, तिच्यात रग असते. हा हात थरथरत होता. थप. मग नुसती बोटं. मग नखं, कापडावरून माझं रेक्झिन ओरबाडणारी. अरे, तो मरतोय! सोड ना रे मेल्या, सोड! मी ओरडत होते. पण गादी ओरडली तर ऐकणार कोण? मला हलता येईना, त्याला सरकवता येईना, गोविंदच्या गुडघ्याखालून निसटता येईना. इतकी वर्षं पडणाऱ्यांना झेलल्याचा तोरा मिरवला आणि वेळ आली तेव्हा मी नुसती खाली अंथरलेली! त्या क्षणी वाटलं, कुणीतरी मला फाडावं, जाळावं, पण याला वाचवावं.

त्याचा हात थांबला.

त्याच वेळी चहाची किटली घेऊन इरा जिना उतरत होती. तिला फक्त माझ्यावर थापा मारता मारता थांबलेला तो हात दिसला. किटली तिथंच सोडून ती कॅमेऱ्यासमोरून धावत आली आणि गोविंदच्या केसांना धरून तिनं त्याला मागं ओढलं. "थाप दिली ना त्यानं? थाप दिली ना? मग सोडलं का नाहीस?"

"थाप दिली म्हणून तर..." गोविंद म्हणाला.

विहंग जगला. देवाची कृपा म्हणा, इराची म्हणा. पण नरड्यातलं हाड पिचलं होतं. दवाखान्यातून परत आला तो आवाज तिथंच ठेवून. आता तो बोलला की फाटक्या पिशवीतून वारा गेल्यासारखं ऐकू येतं. त्याच्या तोंडची उरलेली वाक्यं दुसऱ्या कुणीतरी म्हटली. मला परत आखाड्यात आणलं, पण मानसिंगरावांनी तिथं येणं सोडलं. गोविंद येई, मला पुसून ठेवी, पण माझ्यावर पाय ठेवीना. कुणाच्या पाठीवर हात टाकायची वेळ आली तरी तो हात खिशात घाली.

निरुपमा ते दृश्य काढून टाकणार होती. तिनं विहंगच्या घरी जाऊन तसं सांगितलंही. हे मला इराच्या बोलण्यातून कळलं. तर तो कुजबुजत म्हणाला, "ठेवा, ताई. तेवढंच एक खरं झालंय. तेही काढलं तर मी आवाज घालवला कशासाठी?" तिनं ठेवलं.

सिनेमा तयार झाल्यावर एका रविवारी दुपारी आखाड्यात पांढरी चादर टांगली, खिडक्या लावून घेतल्या आणि बसायला मला अंथरलं. सगळे आले, आजूबाजूचे शेजारीपाजारीही. मानसिंगराव काठी टेकत आले, गोविंद दाराशीच उभा राहिला. सिनेमा सुरू झाला आणि मंडळी हळूहळू रंगली. मग ते दृश्य आलं. विहंगचा हात माझ्यावर पडला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी शिट्ट्या मारल्या! काय लढत, काय जिगर! त्यांना कुठं ठाऊक होतं?

"सोड!"

दाराशी गोविंद ओरडला होता. "सोड रे त्याला! थाप दिलीय त्यानं! सोड!" माणसांच्या मांड्या तुडवत तो पुढं धावला. चादरीवर त्याचेच हात भलेमोठे दिसत होते आणि हा दोन्ही मुठींनी चादर धरून ते हात उपसू बघत होता. चादर फाटली. चित्र त्याच्या पाठीवर पडलं, तरी तो भिंत खरवडत होता. "सोडत नाही हो! वस्ताद, हा सोडत नाही!"

शिट्ट्या केव्हाच बंद पडल्या होत्या. निरुपमानं हुंदका देत प्रोजेक्टरची वायर उपटली. अंधारात मानसिंगराव लहान मुलासारखे रडत होते. विहंग चाचपडत पुढं गेला आणि त्यानं गोविंदच्या कानाला तोंड लागेल इतकं त्याला जवळ धरलं. त्याचा आवाज दूरवर पोचत नाही ना! "सुटलोय मी. गोविंदा, सुटलोय रे. ऊठ."

गोविंद उठला नाही. तो माझ्यावर कोसळला आणि मी त्याला झेललं. मला दुसरं येतं तरी काय?

ते दृश्य आता सिनेमात नाही. निरुपमानं त्या जागी काही सेकंद काळोख ठेवलाय. कुणी म्हणतं, त्यामुळे सिनेमा बिघडला. कुणी म्हणतं, त्या काळोखातच श्वास अडकतो. मला सिनेमातलं काय कळतंय? मला वजन कळतं.

म्हणून मित्रांनो, या म्हातारीचं एवढं ऐका. खेळायला उतराल तेव्हा कसं मारायचं ते मागाहून ठरवा, कसं थांबायचं ते आधी. ज्याच्याशी झुंजायचं त्याला विचारून घ्या, तुमच्यात 'पुरे' कसं म्हणतात? आणि वर असाल तर खालच्याचं तोंड बघत राहा, टाळ्यांकडे बघू नका. मला खुशाल तुडवा, आपटा, उन्हात टाका. फक्त माझ्यावर पडलेल्याला उठवल्याशिवाय कुणी घरी जाऊ नका.