मान डोलवायची नाही

आमच्या नदीवर मान डोलवणाऱ्या माणसाचा भरवसा कोणी धरत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण वेंडेल प्रिचर्डची अक्कल गेली असं इस्पितळवाल्यांनी ठरवत आणलं ते याच एका गोष्टीपायी.

ओटावा नदीच्या उत्तर काठावर आमचं गाव, सेंत-ऑलिव्हिन. इथे सगळे फ्रेंच बोलतात. समोर पिटमन्स लँडिंग, तिथे सगळी इंग्रजी. उन्हाळ्यात मधे फेरीबोट चालते. नदी गोठली की बोट काठावर ओढायची आणि बर्फावरून वाट पाडायची. वाट उघडली नाही तर पार खालच्या पुलावरून वळसा. मी शाळेची बस चालवते, त्यामुळे तो वळसा मला नको तितका पाठ आहे.

वाटेचे राखणदार दोन. आमच्या काठापासून मध्यापर्यंत माझा बाप, ऑरेल शार्लब्वा, वय एक्याऐंशी. समोरच्या काठापासून मध्यापर्यंत वेंडेल, वयाने थोडा लहान आणि हट्टाने दुप्पट. दोघं गिरमिट आणि पहार घेऊन आपापल्या काठावरून निघतात, जागोजागी भोकं पाडत बर्फ तपासतात आणि मध्यावर भेटतात. जानेवारीत तीन राजांचा सण झाला की दोन्ही गावं आपली ख्रिसमसची झाडं काठावर आणून टाकतात. ती झाडं हे दोघं वाटेच्या कडेने बर्फात रोवतात, म्हणजे कितीही वारा सुटला तरी गाडीवाल्याला वाट सापडते.

आता त्या मान डोलवण्याबद्दल. फार पूर्वी, घोड्यांच्या काळात, पलीकडचा राखणदार मध्यावर आला आणि इंग्रजीत म्हणाला की माझ्या बाजूला बर्फाखाली पोकळी आहे. आमचा राखणदार भला माणूस. त्याला अक्षर कळलं नव्हतं, पण समोरचा एवढं जीव तोडून बोलतोय तर बरं दिसत नाही, म्हणून त्याने मान डोलवली. पुढच्याच आठवड्यात लाकडांनी भरलेली घसरगाडी घोड्यांसकट तळाला गेली. दोन भाषांच्या शेजारात ही खोड सगळ्यांनाच असते. कळलं नाही की हसायचं आणि मान हलवायची.

तेव्हापासून दोन्ही काठांनी कानाला खडा लावला. आपल्या बाजूची खबर समोरच्याच्या भाषेत द्यायची. ऐकणाऱ्याने ती पहिल्याच्या भाषेत परत म्हणायची, म्हणजे पोपटपंची चालत नाही. मान डोलवायची नाही. आणि समोरचा स्वतःच्या बाजूबद्दल जे सांगेल, त्यावर वाद घालायचा नाही.

त्यामुळे झालं असं की पापाला इंग्रजी येते ती फक्त थंडीची. काळा बर्फ, निळा बर्फ, उन्हाने कुजलेला बर्फ. पाण्यात तरंगणारा कणी-कणीचा बर्फ, ज्याला ते फ्रॅझिल म्हणतात आणि आम्ही फ्राझी. वरचा चिखल-बर्फ. पाऊस पडता पडता काचेसारखा गोठतो तो व्हेरग्ला. हे सगळं तो दोन्ही भाषांत घडाघडा म्हणेल, पण पलीकडच्या दुकानात पाव मागता येणार नाही. वेंडेलचंही तेच, फक्त उलट्या बाजूने. माझ्या लग्नाला तो आला तेव्हा ऐन जुलै होता. पापाला दोन गोड शब्द बोलावेत असं त्याच्या मनात आलं असणार, पण जवळ शब्द कुठले? बराच वेळ डोकं खाजवून तो फ्रेंचमध्ये म्हणाला, "बर्फ चांगला. निळा. जाड." पापाने तेच इंग्रजीत परत म्हटलं, आणि दोघं समाधानाने बिअरकडे वळले. माझी सासू अजून विचारते, तो माणूस काय म्हणाला होता?

या डिसेंबरात वेंडेलला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि तोंडातली इंग्रजी गेली. बायको केव्हाच वारलेली. मुलगी लॉर्ना टोरांटोहून धावत आली. तीन राजांचा सण झाला, दोन्ही काठांवर झाडांचे ढीग पडले, आणि वाट तशीच राहिली. पापा रोज खिडकीत उभा राहून पलीकडे बघायचा आणि माझ्यावर चिडायचा.

मग लॉर्नाचा फोन आला. ती रडत होती.

"रेझान, उद्या त्यांची शेवटची तपासणी आहे. बाबांना काही कळत नाही असं ठरलं, तर त्यांना शहरातल्या बंद वॉर्डात टाकणार. दाराला कुलूप असतं तिथे."

"आणि कळतं असं ठरलं तर?"

"मग कुठे राहायचं ते त्यांनाच विचारतील. पण ते काय सांगणार? 'समजलं तर मान हलवा' म्हणतात, तर हे नुसते टक लावून बघतात. मधेच काहीतरी फ्रेंच बडबडतात. बाबांना फ्रेंच येतच नाही गं. बर्फ, वारा, असलंच काहीतरी. सगळे म्हणतात, भ्रम झालाय."

मी हे पापाला सांगितलं. त्याने सुपाचा वाडगा बाजूला सारला.

"मान हलवा म्हणाले? वेंडेलला?"

"हो."

"गाढवं आहेत सगळी," पापा म्हणाला. "ट्रक काढ सकाळी. त्याला घरी आणू."

"पापा, घरी आणू म्हणजे? तो चालू शकत नाही."

"मी आहे ना. नदी ओलांडली की त्याचं घर. रोज जाईन."

"एक्याऐंशीव्या वर्षी?"

"तुझ्या बसपेक्षा वेळेवर पोचेन."

या माणसाशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. सकाळी मी ट्रक गरम केला तेव्हा तो बाहेर उभाच होता. काखेत वेंडेलसाठी जाड मोजे आणि डोक्यावर बर्फावरची टोपी. वळशाच्या रस्त्याने आम्ही पलीकडे गेलो, तर याने आधी मला वेंडेलच्या घराशी थांबायला लावलं, शेजारणीकडून किल्ली घेतली आणि शेगडी पेटवून आला. "संध्याकाळपर्यंत ऊब धरेल," म्हणाला. त्याच्या मनात वेंडेल घरी पोचलासुद्धा होता.

इस्पितळ त्याच गावात, नदीकाठच्या चढावर आहे. वेंडेल खिडकीजवळच्या खाटेवर उशांना टेकून बसला होता. गाल एका बाजूला ओघळलेला. पापाला बघून त्याचे डोळे भरले. माझ्या बापाने मात्र फक्त टोपी काढून हातात धरली. लॉर्ना भिंतीशी उभी होती. खुर्चीवर हॅनिगन बाई, इस्पितळाच्या सोशल वर्कर, निर्णय त्यांच्या हातात. स्वभावाने बरी बाई, पण लांबच्या शहरातून बदली होऊन आलेली.

"मिस्टर प्रिचर्ड," त्या हळू आणि मोठ्याने म्हणाल्या, "हे तुमचे मित्र आहेत का? हो असेल तर मान हलवा."

वेंडेलने त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. मान दगडासारखी.

"पाहिलंत ना," बाई मला म्हणाल्या. आवाजात खरंच वाईट वाटणं होतं.

पापा माझ्याकडे वळून फ्रेंचमध्ये कडाडला, "सांग त्या बाईला! मान हलवायला सांगते त्याला? आयुष्यभर ज्याने मान हलवली नाही तो आता हलवेल? कुत्रा आहे का तो?"

"पापा म्हणतात," मी इंग्रजीत सांगितलं, "की नदीच्या राखणदारांमध्ये मान हलवण्याची पद्धत नाही."

"एवढंच म्हणाले?" लॉर्नाने विचारलं.

"साधारण."

मग मी बाईंना ती जुनी गोष्ट सांगितली, घोड्यांची, आणि नियमही सांगितले. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "पण यावरून त्यांना समजतं हे कसं कळणार?"

पापाला इंग्रजी कळली नव्हती, पण बाईंचा चेहरा कळला. तो खाटेच्या पायथ्याशी गेला. पाय फाकवून उभा राहिला, मध्यावर उभा राहतो तसा. आणि इंग्रजीत, प्रत्येक शब्द पहारीने फोडल्यासारखा, खबर देऊ लागला.

"काठाला निळा बर्फ. जाड. वर चिखल-बर्फ. मध्याजवळ खाली फ्रॅझिल."

वेंडेलचे ओठ हलले. वेळ लागला. मग त्याच्या त्या भयंकर उच्चारांच्या फ्रेंचमध्ये शब्द एकेक करून बाहेर आले. निळा बर्फ, काठाला. जाड. वर चिखल. मध्याशी फ्राझी.

"बरोब्बर," मी म्हणाले. "इंग्रजीत ऐकलं, फ्रेंचमध्ये परत सांगितलं. ऐकलेलं समजल्याशिवाय हे कसं होईल?"

"पाठांतर असू शकतं," बाई म्हणाल्या. "वर्षानुवर्षांचं." चूक नव्हती त्यांची. मलाही आतून तीच धास्ती होती.

"मग तुम्हीच काहीतरी सांगा. पण हवामानाचं हं."

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. नदीवर सगळं पांढरं उडत होतं, समोरचा काठही धड दिसत नव्हता. "मिस्टर प्रिचर्ड," त्या म्हणाल्या, "बाहेर परत हिमवर्षाव सुरू झालाय."

वेंडेलने मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं, मग बाईंकडे. कपाळाला आठी पडली.

"हिमवर्षाव नाही," तो फ्रेंचमध्ये म्हणाला. "पूद्ररी."

लॉर्नाने माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणाले?"

"ते म्हणतात, बाई चुकतायत. वरून काही पडत नाहीये. खाली पडलेलं भुरभुरीत हिम वारा उचलून नेतोय. त्याला आमच्यात पूद्ररी म्हणतात."

बाई उठून खिडकीशी गेल्या आणि काचेला नाक लावून वर पाहू लागल्या. वर आभाळ स्वच्छ निळं होतं. त्या हसल्या, अगदी मनापासून. "हे काही पाठांतर नाही," म्हणाल्या आणि हातातला बंद वॉर्डाचा कागद फाडून टाकला. लॉर्ना बापाच्या गळ्यात पडून रडली. मीही रडले, त्यात लाजायचं काय?

पापा काखेतले मोजे घेऊन वेंडेलच्या पायांशी बसला. "चल, नेऊ त्याला घरी. शेगडी पेटलेली आहे."

"थांबा," हॅनिगन बाई म्हणाल्या. "आता त्यांना विचारायला हवं. मिस्टर प्रिचर्ड, तुम्हाला सगळं समजतं हे आम्हाला पटलं. बंद वॉर्डाचा प्रश्न मिटला. आता दोन वाटा आहेत. घरी जायचं, किंवा इथेच गावात वृद्धाश्रमात राहायचं, जिथे उठवायला-बसवायला माणसं आहेत. तुम्हाला काय वाटतं?"

मी पापाला फ्रेंचमध्ये सांगितलं. तो हसला. विचारायचं काय त्यात, अशा चेहऱ्याने त्याने मोजा उलगडला.

वेंडेलने एकदा नदीकडे पाहिलं. मग त्याने डाव्या हाताने स्वतःचा उजवा पाय मांडीशी धरला, उचलला आणि सोडला. पाय गादीवर पडला. त्याने पापाकडे पाहिलं, बाईंकडे नाही.

"सा पोर्त पा," तो म्हणाला.

भार पेलत नाही. आपली बाजू उघडायची नसली की राखणदार मध्यावर हेच म्हणतो.

पापाचा हात मोज्यातच राहिला. "काय बोलतोयस म्हाताऱ्या," तो फ्रेंचमध्ये म्हणाला. "मी येईन रोज. सकाळ-संध्याकाळ येईन. सांग त्याला, रेझान."

मी सांगितलं नाही. वेंडेल ज्या गोष्टीबद्दल बोलत होता ती त्याची बाजू होती.

वेंडेल वाट पाहत होता. ऐकणाऱ्याने परत म्हटल्याशिवाय खबर पोचत नाही, हे त्याला माहीत होतं आणि पापालाही. माझा बाप उलगडलेला मोजा पुन्हा गुंडाळू लागला. मला वाटलं, आता हा उठून निघून जाईल. त्याच्या हट्टापुढे मी जन्मभर हरत आले होते.

मग तो गुडघ्यावर हात टेकून उठला. खाटेचा कठडा धरला तेव्हा कुठे सरळ उभा राहू शकला.

"इट वोन्ट होल्ड," त्याने इंग्रजीत परत म्हटलं. भार पेलत नाही. शब्द स्पष्ट होते.

वेंडेल तरीही त्याच्याकडे बघतच राहिला. एकाच बाजूची खबर घेऊन मध्यावरून कोणी परत जात नसतं. पापाने एकदा माझ्याकडे पाहिलं, चोरट्यासारखं. मग कठडा न सोडता दुसरा हात स्वतःच्या कमरेवर ठेवला आणि तेच शब्द पुन्हा म्हणाला, या वेळी स्वतःच्या बाजूचे.

"इट वोन्ट होल्ड."

"सा पोर्त पा," वेंडेलने परत म्हटलं.

हॅनिगन बाई गोंधळल्या होत्या. "काय ठरलं त्यांचं?" त्यांनी मला विचारलं.

"वेंडेल इथल्या वृद्धाश्रमात राहतील," मी म्हणाले. "आणि यंदा नदीची वाट बंद."